आधी तुमच्या चक्करेबद्दल बोलू

देवगड तालुक्यातल्या एका ताईंचं पत्र आलं आहे. त्यांचे यजमान दुसऱ्याच्या ट्रॉलरवर तांडेल आहेत, म्हणजे बोट चालवतात. नऊ वर्षांपासून पितात, आणि गेल्या दीड वर्षात तर सकाळी उठल्याउठल्या लागते. शिमग्यात गावदेवीसमोर शपथ घेतली, ती तीन दिवस टिकली. तिसऱ्या रात्री भिंतीवर मुंग्या चढताहेत, बोटीवरची माणसं हाका मारताहेत असं बोलायला लागले. भगताला बोलावलं, अंगारा लावला, आणि शेवटी सासूबाईंनीच थोडी पाजून शांत केलं. मुलगा नववीत, मुलगी पाचवीत. सासूबाईंचं म्हणणं, बायकोनं सांभाळलं नाही म्हणून पोरगा वाया गेला. ताईंचे प्रश्न तीन आहेत. ‘रुग्णाच्या नकळत दारू सोडवा’ अशी जाहिरात येते, ती पावडर आणू का? माझं नेमकं काय चुकलं? आणि सोडून जाऊ का?

ताई, तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. चार पानं आहेत. कुठल्या तारखेला किती प्यायले, कुठे पडले, कुणी उचलून आणलं, सगळं आहे. तुमच्याबद्दल एकच ओळ आहे, तिसऱ्या पानाच्या तळाशी: ‘मला मधूनमधून चक्कर येते, पण ते जाऊ दे.’ ते मी जाऊ देणार नाही.

रत्नागिरी आणि सिंधुदुर्गात व्यसनाधीन माणसांच्या घरच्यांबरोबर मी २४ वर्षं काम करते आहे. सुरुवातीच्या काळात मीही घरची बाई समोर आली की तिच्या नवऱ्याबद्दलच विचारायचे. मग एकदा हर्णैकडच्या एक बाई आल्या. तासभर बोलल्या. पर्स मांडीवरून खाली ठेवली नाही, मोबाइल हातात, खुर्ची दाराकडे वळवलेली. सगळं सांगून झाल्यावर मी सहज विचारलं, ‘काल रात्री तुम्ही काय जेवलात?’ त्या गप्प झाल्या. बराच वेळ आठवत राहिल्या. मग म्हणाल्या, ‘पेज प्यायले वाटतं, उभ्याउभ्या. का परवा प्यायले?’ आणि तासाभरात पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. तेव्हापासून मी पहिला प्रश्न त्या बाईबद्दलच विचारते.

म्हणून या आठवड्यातलं पहिलं काम: गावच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात जा, बीपी आणि हिमोग्लोबिन तपासून घ्या, झोप किती लागते ते डॉक्टरांना खरं सांगा. वर्षानुवर्षं रात्री दाराच्या आवाजाकडे कान लावून पडलेल्या बायकांना बीपी, डोकेदुखी, पित्त, छातीत धडधड हे इतक्या वेळा बघितलं आहे की त्याला मी योगायोग म्हणत नाही. आणि तुमची मदत त्यांची दारू सुटेपर्यंत थांबवून ठेवू नका. २०१९ साली केंद्र सरकारने एम्सच्या मदतीने केलेलं देशभराचं सर्वेक्षण प्रसिद्ध झालं. दारूच्या त्रासासाठी मदतीची गरज असलेली माणसं त्यात ५ कोटी ७० लाखांच्या घरात निघाली, आणि दारूवर अवलंबून असलेल्या ३८ जणांमागे एखाद्यालाच कसली तरी मदत मिळाली होती. ‘ते सुधारले की मग मी माझं बघेन’ असं म्हणत बसलात तर किती वर्षं जातील, याचा विचार करा.

आता पावडर. आणू नका. यात मला जराही शंका नाही. अशा पुड्यांत काय असतं ते पुडीवर खरं लिहिलेलं असेलच असं नाही. कधी नुसतीच भुकटी असते, कधी डायसल्फिराम हे खरं औषध मिसळलेलं असतं. हे औषध पोटात असताना दारू प्यायली तर चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, उलट्या होतात, बीपी एकदम खाली जातं, आणि काहींचा जीवही जातो. म्हणून ते डॉक्टर रुग्णाला समजावून, त्याची संमती घेऊन, हृदय आणि यकृत तपासूनच देतात. रत्नागिरीजवळच्या एका घरात सुनेनं अशी पूड आठ दिवस सोलकढीतून दिली. नवव्या दिवशी नवरा पिऊन आला आणि अंगणातच कोसळला. वेळेवर दवाखान्यात पोचला म्हणून वाचला. पण त्याला खरं कळल्यावर तो सहा महिने बायकोच्या हातचं जेवला नाही. वडापाव आणून ओट्यावर बसून खायचा. उपचारांना राजी करायला जो विश्वास लागतो तोच गेला होता. तो परत जुळवण्यात आमचं एक वर्ष गेलं.

शिमग्यातल्या त्या तिसऱ्या रात्रीबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण किनाऱ्यावरच्या निदान वीसेक घरांतून मी हीच हकीकत ऐकली आहे. ती बाधा नव्हती. रोज भरपूर पिणाऱ्याचा मेंदू दारू गृहीत धरून चालायला लागलेला असतो. ती एकदम तोडली की सहा तासांपासून पुढे हात थरथरतात, घाम फुटतो, झोप उडते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांच्या दरम्यान काहींचं भान सुटतं, नसलेली माणसं आणि किडेमुंग्या दिसतात, ताप चढतो. वेळेवर उपचार झाले नाहीत तर यात माणूस दगावतो. बोटीवर हे फार वाईट. नाखवा, म्हणजे बोटीचा मालक, ‘यंदा बोटीवर बाटली नाही’ असं ठरवतो, बोट सुटते, आणि दुसऱ्या दिवशी किनाऱ्यापासून कित्येक तास लांब कुणाला तरी फिट येते.

तेव्हा देवीला गाऱ्हाणं जरूर घाला. तुमची श्रद्धा मोडायला मी सांगणार नाही, शपथेनं बळ आलेली माणसं मी पाहिली आहेत. फक्त शपथेचा दिवस आणि डॉक्टरांचा दिवस एकच ठेवा. रोज सकाळपासून पिणाऱ्यानं दारू दवाखान्याच्या देखरेखीखालीच तोडायची. तिथे थरथर आणि फिट आवरणारी औषधं देतात, ब१ जीवनसत्त्वाची इंजेक्शनं देतात. सासूबाईंनी त्या रात्री पाजली ती वेडेपणानं नव्हे, लेकराची तडफड त्यांना बघवली नाही. पण पुन्हा तशी वेळ आली तर पाजायचंही नाही आणि वाटही बघायची नाही, १०८ ला फोन करून रुग्णवाहिका बोलवायची.

‘माझं काय चुकलं?’ दारू तुम्ही लावली नाहीत. तुमच्या स्वयंपाकानं, तुमच्या बोलण्यानं, मुलगा आधी झाला की मुलगी, यानं कुणाला दारू लागत नाही. अल-अनॉन ही व्यसनी माणसांच्या घरच्यांची संघटना १९५१ साली अमेरिकेत सुरू झाली. तिथं घरची माणसं एकमेकांना तीन गोष्टी सांगत आली आहेत: हे मी घडवलं नाही, हे माझ्या ताब्यात नाही, हे मी बरं करू शकत नाही. पहिली ऐकून बायकांना हायसं वाटतं. दुसरी पचायला वेळ लागतो, कारण बाटली शोधणं, ती ओतून टाकणं, खिसे तपासणं, बोटीपर्यंत मागे जाणं यातच त्यांचा दिवस गेलेला असतो. तुम्ही सहा वर्षं हेच केलंत. त्यानं दारू कमी झाली का, हे तुम्हीच पत्रात लिहिलं आहे.

ताब्यात नाही म्हणजे हातात काहीच नाही, असं मात्र नाही. घरची माणसं व्यसनाशी साधारण तीन तऱ्हांनी झुंजतात. सोसत राहतात, नाहीतर सामोरी जातात, नाहीतर अंतर राखून स्वतःचं आयुष्य उभं करतात. इंग्लंडमधल्या संशोधकांनी घरच्यांशी वर्षानुवर्षं बोलून ही मांडणी केली आणि तिच्यावर पाच पायऱ्यांची मदतीची पद्धत बसवली. आपल्या शेजारी गोव्यात ‘संगाथ’ या संस्थेनंही घरच्यांना मदत करण्यासाठी ती वापरून पाहिली आहे. पाच पायऱ्या साध्या आहेत. आधी त्या माणसाचं नीट ऐकायचं, मग माहिती द्यायची, तो आज कसं निभावतो आहे ते उलगडून बघायचं, त्याला आधार कोण देऊ शकेल ते शोधायचं, आणि शेवटी आणखी काय लागेल ते पाहायचं. मला यातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट अशी वाटते की तीनपैकी कुठल्याही तऱ्हेला चूक म्हटलेलं नाही. प्रत्येकीतून काही मिळतं आणि प्रत्येकीची किंमत मोजावी लागते. तुम्ही कागदाच्या एका बाजूला काय मिळतं आणि दुसऱ्या बाजूला काय जातं ते लिहून बघा.

उदाहरण तुमच्याच पत्रातलं घेते. पहाटे नाखव्याचा फोन येतो आणि तुम्ही सांगता, ‘त्यांना ताप आलाय.’ मिळतं काय? काम टिकतं, चार लोकांत नाव राहतं. जातं काय? खोटं बोलून तुमचा जीव अर्धा होतो, आणि पिण्याचे परिणाम ज्याला दिसायला हवेत त्याला ते दिसतच नाहीत. हे पांघरूण हळूहळू काढायचं. भांडून नाही, बोभाटा करूनही नाही. पुढच्या वेळी फोन आला की तो त्यांच्या उशाशी नेऊन ठेवा, ‘नाखव्यांचा आहे’ एवढंच म्हणा आणि आत जा. त्यांनी ओकून ठेवलेलं आवरू नका, गुत्त्यावरची उधारी फेडू नका, मुलाला त्यांना शोधायला रात्री पाठवू नका. मात्र ते रस्त्यात पडलेले असतील, पावसात भिजत असतील, जिवाला धोका असेल तर उचलून आणायचंच. याला पांघरूण म्हणत नाहीत.

दुसरी बाजू तितकीच महत्त्वाची आणि ती बहुतेक घरांत विसरली जाते: ते शुद्धीवर असतात तेव्हा घर त्यांना गोड वाटलं पाहिजे. अमेरिकेत ‘क्राफ्ट’ नावाची एक पद्धत आहे, ती घरच्यांना हेच शिकवते. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १३० कुटुंबीय होते, सगळ्यांची घरची माणसं उपचारांना ठाम नकार देणारी. क्राफ्ट शिकलेल्यांपैकी ६४ टक्के जणांच्या घरचा माणूस उपचारांपर्यंत पोचला. सगळ्यांनी मिळून समोर बसवून जाब विचारण्याच्या पद्धतीत हे प्रमाण ३० टक्के होतं. अल-अनॉनच्या वाटेनं गेलेल्यांत ते १३ टक्के होतं, पण अल-अनॉनचा हेतू मुळात घरच्यांना सावरण्याचा आहे. दोन्ही हवं, असं माझं मत झालं आहे. आपल्याकडे होतं ते उलटं. पिऊन आले की रात्री बारा वाजता भांडण, आणि सकाळी शुद्धीवर असले की अबोला. म्हणजे लक्ष मिळतं ते प्यायल्यावरच.

बोलायचं ते सकाळच्या चहाला, पहिला घोट पोटात जायच्या आधी, तुमच्याकडे ती वेळ फार थोडी आहे हे मला माहीत आहे. थोडंच बोला आणि स्वतःचं बोला. ‘तुम्ही घराची वाट लावलीत’ यावर भांडण होतं. ‘काल तुम्ही पायरीवर पडलात तेव्हा मी घाबरले. परवा तुम्ही बाबूला जाळं विणायला शिकवत होतात, तेव्हा मला बरं वाटलं. डॉक्टरांकडे जाऊ या, मी सोबत येते’ यावर बहुतेक माणूस गप्प राहतो, आणि तो गप्प राहिला म्हणजे त्यानं ऐकलं. जी धमकी पाळणार नाही ती देऊ नका. ‘माहेरी जाईन’ हे अठरा वेळा म्हटलेलं असेल तर एकोणिसाव्या वेळी त्याचं वजन उरत नाही.

आणि वेळ निवडा. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, ६१ दिवस. हाताला काम नसतं, पाऊस कोसळत असतो, आणि गुत्ता गजबजलेला असतो. ज्या बायका बंदीला घाबरतात त्यांना मी सांगते, उपचारांसाठी यासारखी दुसरी वेळ नाही. महिना-दीड महिन्याचे उपचार त्यात बसतात, बुडीत दिवस होत नाहीत, ‘बोट सुटेल’ ही सबब राहत नाही. एप्रिल-मेमध्येच डॉक्टर ठरवून ठेवा, कारण माणूस ‘हो’ म्हणतो ते एखाद्याच सकाळी म्हणतो, आणि तेव्हा कुठे जायचं हे माहीत असावं लागतं. रत्नागिरीचं प्रादेशिक मनोरुग्णालय १८८६ पासूनचं आहे. नाव ऐकून लोक बिचकतात, पण व्यसनाचे उपचार हे मनोविकारतज्ज्ञांचंच काम आहे. सिंधुदुर्गात ओरोसच्या जिल्हा रुग्णालयातही चौकशी करा. पुण्याचं मुक्तांगण १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी गर्द या अमली पदार्थाच्या विळख्यातल्या मुलांसाठी सुरू केलं. तिथं दारूवरही उपचार होतात आणि घरच्यांशीही बोलतात. १४४४६ हा व्यसनमुक्तीचा राष्ट्रीय हेल्पलाइन क्रमांक आहे, आणि मन फार खचलं तर १४४१६ या ‘टेलिमानस’च्या क्रमांकावर कधीही बोलता येतं. दोन्हींवर तुम्ही स्वतःसाठी फोन करू शकता. पिणारा राजी हवा अशी अट नाही.

एक धोका मात्र टाळा. गाडी घेऊन येतात, माणसाला बांधून उचलून नेतात आणि चार महिने भेटू देत नाहीत, अशीही ‘केंद्रं’ आहेत. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दारू आणि ड्रग्जमुळे होणारे मनोविकार येतात. माणसाच्या मनाविरुद्ध दाखल करायचं तर तज्ज्ञांनी तपासून, कायद्यानं आखलेल्या मुदतीतच करता येतं. नोंदणीचा कागद बघा, भेटीचे दिवस विचारा, डॉक्टर रोज येतात का विचारा. मारहाण होऊन परत आलेला माणूस बरा होऊन येत नाही, सूड घेऊन येतो.

मुलांबद्दल तुम्ही लिहिलं आहे, ‘मुलगा फार शहाणा आहे, कधी काही मागत नाही.’ ताई, मला त्याची काळजी वाटते. मुलगी रडते, तिचं निदान कळतं. नववीतला मुलगा रात्री बापाच्या चपला काढतो, आईला पाणी देतो, बहिणीला दुसऱ्या खोलीत नेतो, आणि सकाळी शाळेत जातो. त्याला त्याच्या वयाचं राहू द्या. दोघांना जवळ बसवून खरं सांगा: बाबांना दारूचा आजार आहे, तो तुमच्यामुळे झालेला नाही, तो बरा करणं तुमचं काम नाही, आणि रात्री आरडाओरडा झाला तर अमुक काकींकडे जायचं. त्या काकींना आधी विश्वासात घ्या. बापाबद्दल वाईट बोलू नका, आणि ‘काही झालंच नाही’ असंही दाखवू नका. मुलांना सगळं माहीत असतं. फक्त ते बोलायची परवानगी नसते.

सासूबाईंशी भांडण वाढवू नका. वेंगुर्ल्याकडची एक म्हातारी मला म्हणाली होती, ‘पोटचो गोळो आसा माझो, टाकू खंय?’ आणि बोलताबोलता कनवटीची गाठ सोडून मला दाखवली. पन्नासच्या चार नोटा, घडी घालून घालून मऊ झालेल्या. मुलानं घरातल्या कळशा विकू नयेत म्हणून ती त्याला रोज एक द्यायची. तिच्या हिशेबात ती घर वाचवत होती. मी तिला दारूचं काही सांगितलं नाही. तिसऱ्या दिवशी मुंग्या का दिसतात तेवढं सांगितलं, आणि पुढच्या भेटीला डॉक्टरांकडे तीच त्याला घेऊन आली. तुमच्या सासूबाईंनाही दवाखान्यात सोबत न्या. डॉक्टरांचं त्या ऐकतील, सुनेचं ऐकणार नाहीत. मुंबईच्या दिराशी गणपतीच्या आधी फोनवर बोला: ‘भावोजी, यंदा येताना बाटली आणू नका, यांची औषधं चालू होणार आहेत.’ चतुर्थीला घर भरल्यावर हे सांगता येत नाही. आरतीनंतर मागच्या पडवीत बसणारा घोळका किती जणांचे उपचार वाया घालवतो, ते मी दर सप्टेंबरला बघते.

पैशाचं थोडक्यात: बचत गटाचं खातं तुमच्याच नावावर राहू द्या, कोऱ्या कागदावर सही नाही, मंगळसूत्र पतपेढीत जाणार नाही. मासळीच्या कमाईतल्या त्यांच्या वाटणीचा काही भाग तुमच्या खात्यावर जमा करायला ते शुद्धीवर असताना राजी झाले तर नाखव्याला दोघांनी मिळून सांगा.

आता सोडून जाण्याचा प्रश्न. पत्रात एका जागी ‘हात उचलतात’ असं लिहून तुम्ही खोडलं आहे. खोडलेलं वाचता येतं. हे खरं असेल तर आधी वरचं सगळं बाजूला ठेवा, कारण मार खाणाऱ्या बाईनं समजुतीनं बोलायचे प्रयोग करायचे नसतात. दारू प्यालेली सगळीच माणसं बायकोला मारत नाहीत. मारणं ही वेगळी गोष्ट आहे आणि दारू सुटल्यावर ती आपोआप जात नाही. आधार कार्ड, रेशनकार्ड, मुलांचे दाखले, पासबुक आणि थोडे पैसे एका पिशवीत घालून शेजारी ठेवा. प्रसंग आला तर पोलिसांचा ११२, सल्ल्यासाठी महिला हेल्पलाइन १८१. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानं घर कुणाच्याही नावावर असलं तरी तुम्हाला त्या घरात राहण्याचा हक्क आहे. संरक्षण अधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो, आणि जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला वकील मोफत मिळतो, उत्पन्न कितीही असो. राहायचं की जायचं हे मी ठरवणार नाही. राहिलात म्हणून तुम्ही दुबळ्या नाही, गेलात म्हणून वाईट बायको नाही. महिनाभर माहेरी राहून, झोप भरून, मग ठरवलेल्या बायका मी पाहिल्या आहेत. त्यांचे निर्णय, राहण्याचे आणि जाण्याचेही, टिकले.

समजा ते उपचार घेऊन आले. त्या दिवसांसाठी कुणी तयारी करून देत नाही म्हणून सांगते. पहिले तीन महिने तुम्हालाच राग येईल, नऊ वर्षांचा साठलेला, आणि तो नेमका ते शुद्धीवर असताना बाहेर पडेल. ते घरात लक्ष घालायला लागतील, आणि इतकी वर्षं एकटीनं चालवलेल्या घरात ते तुम्हाला खुपेल. यात विचित्र काही नाही. आणि पाय घसरू शकतो. घसरला तर ‘सगळं फुकट गेलं’ असं म्हणू नका, त्याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा. दोनतीनदा घसरून मग पंधरा वर्षं न प्यायलेले तांडेल मिरकरवाडा बंदरावर मला आजही भेटतात.

एकटीनं हे पेलवत नाही, म्हणून एक माणूस निवडा. बहीण, बचत गटातली मैत्रीण, गावातली आशा स्वयंसेविका, कुणीही, जिला खरं सांगता येईल. सगळ्या गावाला सांगायची गरज नाही.

पुढच्या पत्रात त्यांच्या तारखा लिहू नका. बीपी किती निघालं, हिमोग्लोबिन किती, रात्री किती तास झोपलात आणि बसून जेवलात का, ते लिहा. उत्तर मी त्याच आठवड्यात पाठवीन.